मालिकेतली वऱ्हाडी रडत का नाही?

(पुसद येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ठरवताना आयोजक फोनवर म्हणाले, "मॅडम, थोडं हलकंफुलकं ठेवा. आवडत्या मालिका, जुन्या आणि नव्या, असं काहीतरी." ठेवते. पण आवडत्या मालिकांची यादी ही वाटते तितकी हलकीफुलकी गोष्ट नाही. आत्ता सुरुवातीला मी तुम्हाला हात वर करायला लावले, ते त्यासाठीच. 'रामायण' म्हटल्यावर जवळजवळ सगळं सभागृह. 'हम लोग' म्हटल्यावर पुढच्या रांगा. 'माझ्या नवऱ्याची बायको' म्हटल्यावर बायकांचे हात, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काही काकांचे, अर्धेच वर. (हशा) 'पंचायत' म्हटल्यावर कॉलेजची पोरं. आणि 'चिमणराव-गुंड्याभाऊ' म्हटल्यावर? दोन हात. त्यातले एक काका म्हणाले, मी तेव्हा नोकरीला पुण्यात होतो.

आता पुण्या-मुंबईतल्या कुणालाही मराठी मालिकांचा इतिहास विचारा, तो चिमणरावांपासून सुरू होतो. चिं. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव, बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ. मालिका चांगलीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण ती दिसली कुणाला? मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला ते दिसू लागलं पुढच्या वर्षी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी चिमणराव घरोघरी पोचले असं आपण वाचतो, तेव्हा ती घरं त्या पट्ट्यातली होती. विदर्भातल्या तालुक्याच्या गावात टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात, देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली तेव्हा. आणि त्या केंद्रांवरून दिसायचा तो उपग्रहावरून येणारा दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. म्हणजे आपल्याकडे टीव्ही आला तोच मुळी हिंदी बोलत आला.

त्याचं आपल्याला फार वाईट वाटलं नाही, कारण हिंदी आपल्याला परकी कधीच नव्हती. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर होती. त्यामुळे ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं तेव्हा बडकी, मझली, छुटकी, नन्हे, लल्लू ही मंडळी आपल्याच गल्लीतली वाटली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द समजुतीचे सांगायचे, तेही आजोबांसारखे. पण याचा परिणाम असा झाला, की आपल्या भागातल्या एका अख्ख्या पिढीच्या मनात टीव्हीवरचं दुःख हिंदीत आहे. भगवंतीचं रडणं हिंदी, 'बुनियाद'मधली फाळणी हिंदी, सीतेचा वनवास हिंदी. मराठी मालिका पुणे आणि पुसद एकाच रात्री, एकाच वेळी पाहू लागले ते मुख्यतः खाजगी वाहिन्या आल्यावर. अल्फा मराठी १९९९ साली १५ ऑगस्टला सुरू झाली, आणि मग 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आपल्या घरात आली. त्याआधी सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरांची 'दामिनी' होती, तिला मानणारे लोक इथेही खूप आहेत. पण वाहिनी मराठी झाली म्हणून बोली आपली झाली, असं काही घडलं नाही. सुधा जोशी प्रमाण मराठीत रडायची.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवते. "आमच्या वेळच्या मालिका चांगल्या, आताच्या भिकार" हे वाक्य मी आज बोलणार नाही. जुन्यांपैकी आपल्याला जे आठवतं ते चांगलं होतं म्हणूनच आठवतं. बाकीचं आपण विसरलो. फरक आहे तो वेळेचा. आठवड्यातून एक भाग लिहायचा म्हणजे लेखकाला सहा दिवस विचार करायला मिळत. 'हम लोग' दीडशेच्या वर भागांत संपलं. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांच्या वर भाग चाललं. तीन हजार! एका लग्नात होणार नाहीत तितकी भांडणं त्यात झाली असतील. (हशा) रोजचा भाग रोज द्यायचा म्हटलं की लेखक सवयीवर लिहितो, आणि सवयीत जी भाषा बसलेली असते तीच बाहेर येते. माझं आजचं बोलणं या सवयीबद्दलच आहे.

आता २०१६ कडे या. त्या एका वर्षात काय झालं बघा. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले', मालवणी. ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको', नायिका नागपूरची. ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला', कोल्हापूर. पुढच्या वर्षी 'लागिरं झालं जी', सातारा. अचानक सगळ्यांना गावाची आठवण कशी झाली? प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था २०१५ मध्ये आकडे देऊ लागली, आणि त्याच ऑक्टोबरपासून त्यात ग्रामीण घरंही मोजली जाऊ लागली. तोवर जाहिरातदाराच्या दृष्टीने खेड्यातला टीव्ही बंदच होता म्हणा ना. मी असं म्हणत नाही की सगळ्या लेखकांनी तक्ता पाहून गाव निवडलं. पण वाहिनीच्या टेबलावर तो तक्ता होता, एवढं धरून चालायला हरकत नाही. आणि मला यात काही गैरही वाटत नाही. मोजल्याशिवाय कुणी विचारत नाही, हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळतं?

प्रश्न पुढचा आहे. बोली आली, तिला काम काय मिळालं?

मालवणीला भीती मिळाली, लोभ मिळाला, वासना मिळाली, जमिनीचा वाद मिळाला. अण्णा नाईक हा काही चांगला माणूस नाही, पण तो भरलेला माणूस आहे. माधव अभ्यंकरांनी तो केला, आणि घरातली माई, दत्ता, पांडू त्याच बोलीत एकमेकांना घाबरतात, फसवतात, जेवायला वाढतात. तिथे पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर त्या मालिकेचे लेखकही होते. म्हणजे विनोदी पात्र करणारा माणूसच आतून भाषा सांभाळत होता. कोल्हापुरीला प्रेम मिळालं. पहिलवान राणादा अंजलीबाईंसमोर अडखळतो तेव्हा आपण हसतो, पण त्याचं अडखळणं खरं वाटतं. साताऱ्याच्या बोलीला फौजीचा अभिमान आणि त्याच्या घरच्यांची काळजी मिळाली.

वऱ्हाडीला? वऱ्हाडीला टाळी मिळाली.

'चला हवा येऊ द्या'मधले भारत गणेशपुरे आपल्या अमरावतीचे. माणूस अस्सल. त्यांचा नुसता सूर लागला की महाराष्ट्र हसतो, आणि मीही हसते. त्यांनी वऱ्हाडी कानाला सवयीची केली, हे मोठं काम आहे. पण दहा वर्षं हसवल्यावर त्या सुराने दुसरं काही बोलावं असं कुणाला वाटलं नाही, ही तक्रार त्यांच्याविषयी नाही, लिहिणाऱ्यांविषयी आणि वाहिन्यांविषयी आहे. एखाद्या घरात एका भावाला सगळे 'तू गमतीशीर आहेस' म्हणतात आणि वडिलांच्या आजारपणात त्याला कुणी विचारत नाही, तसं झालंय.

(श्रोत्यांतून: पण राधिका रडायची ना, मॅडम!)

रडायची. येतेच मी राधिकेवर. खरं तर अर्धं व्याख्यान तिच्यासाठीच ठेवलंय.

राधिका सुभेदार. पाच वर्षं, २०१६ ते २०२१. तिचं काम केलं अनिता दाते यांनी, आणि त्या नाशिकच्या. हे मुद्दाम सांगते, कारण "आमच्या भागातली नटी घेतली नाही" ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटत नाही. बोली जन्माच्या दाखल्यावर येत नाही. त्यांनी सूर पकडला, आणि सांभाळला. विदर्भातल्या बायकांनी त्या मालिकेवर जे प्रेम केलं ते मी जवळून पाहिलंय. प्राइम टाइमला, मध्यभागी, आपल्यासारखं हेल काढून बोलणारी बाई. तिच्या नवऱ्याला, गुरुनाथला, ती गावंढळ वाटते. त्याला शनाया हवी. राधिका मसाल्यांचा धंदा उभा करते आणि त्याच्यापेक्षा मोठी होते.

आता जरा थांबून तीन बायका शेजारी शेजारी ठेवा. १९९९ ची सुधा जोशी, २०१६ ची राधिका, आणि २०१९ च्या 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती. तिघींच्या संसारात दुसरी बाई येते. जखम एकच. सुधा प्राध्यापक आहे, नवरा चुकतो तेव्हा तिच्या बोलण्यात काही उणं आहे असं मालिका सुचवत नाही. अरुंधतीला घरचे गृहीत धरतात, तिचं इंग्रजी, तिचं राहणं यावर टोमणे होतात, पण तिची मराठी कुणी काढत नाही. राधिकेचं मात्र बोलणंच तिच्या टाकलं जाण्याचं कारण म्हणून आपल्यासमोर येतं. साधी, भोळी, काटकसरी, मसाला कुटणारी, हेल काढणारी. हे सगळे शब्द मालिकेने एकाच दोरीत ओवले. गुरुनाथ वाईट आहे, तो हरतो, हे खरं. पण हेल म्हणजे साधेपणा हे समीकरण तोही मानतो आणि राधिकेच्या बाजूने बोलणारी मालिकाही मानते. तो त्याला हसतो, मालिका त्याचं कौतुक करते. दोघांनाही त्या बोलीत हुशारी, कावेबाजपणा, कंटाळा, रात्रीची झोप उडणं ऐकू येत नाही.

आणि दुसरं. बोली दोन माणसांच्या मध्ये असते. राधिकेची बोली एकटी होती. माहेरची माणसं येणार-जाणार, पण तिचं रोजचं जग म्हणजे मुंबईकडची सोसायटी, आणि तिथे सगळे प्रमाण मराठी बोलणारे. त्यामुळे तिचं बोलणं हे तिची ओळखपट्टी झालं. ती रडते तेव्हा नागपूरची बाई रडते असं दिसतं. बाई रडतेय आणि नागपुरी बोलतेय, असं दिसत नाही. फरक बारीक आहे, पण तुमच्या लक्षात येईल. मालवणी घरातली माई रडते तेव्हा आपण तिची बोली विसरतो.

तरीही राधिका आवडली, ती का? इथे मला 'हम लोग'ची भगवंती आठवते. भगवंतीचं पात्र लिहिलं गेलं ते 'असं सोसू नका' हे सांगायला. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर कित्येक बायका म्हणाल्या, आम्हाला भगवंतीसारखं व्हायचंय. लिहिणाऱ्याने ठरवावं एक, बघणारीने घ्यावं दुसरं. राधिकेच्या बाबतीत मात्र उलट आणि चांगलं झालं, असं मला वाटतं. आपल्या बायकांनी तिचा सोशिकपणा फारसा उचलला नाही, मसाल्याचा हिशोब उचलला. बचत गटाच्या बाया राधिकेविषयी बोलताना नवऱ्यावर दोन वाक्यं बोलायच्या आणि पॅकिंगवर दहा. प्रेक्षक मालिकेपेक्षा शहाणा निघाला.

आता लेखनाची खरी अडचण सांगते, कारण नुसती टीका करून जाणं बरं नाही. मालिका लिहिणाऱ्याला वऱ्हाडी म्हणून चार गोष्टी माहीत असतात. 'काऊन', 'मले-तुले', 'करून राहिलो', आणि 'बे'. हे चार मसाले कुठल्याही वाक्यावर भुरभुरले की झाली वऱ्हाडी. त्यात 'बे' तर सढळ हाताने. अहो, 'बे' जिवाभावाच्या दोस्ताला लावतात. एकदा सासऱ्याला 'का बे' म्हणून पाहा, मग कळेल 'बे'चं व्याकरण. (हशा) आपल्या बोलीत आदर आहे, आडपडदा आहे, दुःख झाकण्याच्या पद्धती आहेत. घरात मोठं संकट आलेली माय पोराला म्हणते, "मले काई नाई झालं बाप्पा, तू जेव." या वाक्यात एकही गमतीचा शब्द नाही. हे वाक्य मुंबईतल्या सेटवर लिहिलं जात नाही, कारण ते वऱ्हाडी आहे हे लगेच कळत नाही, आणि कळलं नाही तर वऱ्हाडी पात्र घेतलं कशाला, असा विचार.

शिवाय ही 'वऱ्हाडी' तरी एक कुठे आहे? तुम्ही पुसदची माणसं. इथून उमरखेडमार्गे हदगावकडे निघा, पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. तुमच्या बोलण्यात नांदेड-हिंगोलीचे सूर आहेत, अमरावतीवाला तुम्हाला लगेच ओळखतो. आणि तांड्यांवर गोरमाटी आहे. या तालुक्याने महाराष्ट्राला वसंतराव नाईकांसारखा अकरा वर्षं मुख्यमंत्री दिला, सुधाकरराव नाईक दिले, पण गोरमाटी घरात मोठी झालेली एखादी मुलगी रोजच्या मराठी मालिकेची नायिका झालेली मी पाहिली नाही. कापूस वेचणारी बाईही नाही. बंगल्यातल्या देवघरापाशी उभी राहून कारस्थान करणाऱ्या बायका मोजू म्हटलं तर रात्र पुरणार नाही.

कुणी म्हणेल, दुःख दाखवलं की लोक वाहिनी बदलतात. मग 'पंचायत' बघा. पोरांनो, तुमचा हात इथे सगळ्यात उंच होता. फुलेरा नावाचं गाव, गोष्टीत उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण मध्य प्रदेशात. तिथला उपप्रधान प्रल्हाद, फैसल मलिकने केलेला, दोन सीझन आपल्याला हसवतो. बोलणं त्याच पूर्वेकडच्या हेलाचं, ज्याला हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं भय्या-दूधवाला करून ठेवलं होतं. आणि २०२२ ला दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याचा फौजेतला मुलगा गेल्याची बातमी येते. ज्या माणसाच्या तोंडून आपण हसण्याशिवाय काही अपेक्षित केलं नव्हतं, तोच गप्प होतो. त्याची बोली तीच राहते, सूर तोच राहतो, आणि आपल्याला पाणी येतं. विनोदी पात्रावर शोक लादलाय असं वाटत नाही, कारण पहिल्या भागापासून लिहिणाऱ्याने त्याला माणूस धरलं होतं. आणि हो, ज्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी 'मुंगेरीलाल के हसीन सपने' पाहिलंय त्यांना प्रधानजींमध्ये रघुवीर यादव दिसतात तेव्हा एक वेगळाच आनंद होतो. घरात नातू 'पंचायत' लावतो आणि आजोबा म्हणतात, हा तर मुंगेरीलाल! जुनं-नवं एकत्र बघणं म्हणतात ते हे. त्याला व्याख्यान लागत नाही.

वऱ्हाडीत हे होऊ शकतं याचा पुरावाही आहे, फक्त तो सिनेमात आहे. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस', २००९ चा, आपल्याच यवतमाळ भागातल्या कापूसवाल्याची गोष्ट. शेजारच्याने जीव दिलाय. अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, धास्ती बसते की आपला किसनाही तेच करील. म्हणून ती त्याला गोडधोड करून घालते आणि पोराला त्याच्या मागे पहाऱ्यावर लावते. किसना म्हणजे गिरीश कुलकर्णी, त्याला कळत नाही हे चाललंय काय. तुम्ही हसता. घशात आवंढा असताना हसता. हसू आणि धास्ती एकाच वाक्यात ठेवण्याची ताकद आपल्या बोलीत आहेच. दोन्ही नट विदर्भाबाहेरचे, हेही लक्षात घ्या.

आणि कथानक हवं असेल तर ते १९६० पासून तयार आहे. उद्धव शेळक्यांची 'धग'. कौतिक ही बाई, शिंप्याची बायको, गरिबीशी, नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी, नातेवाइकांशी झुंजणारी. ती साधीभोळी अजिबात नाही. ती भांडते, हिशोब करते, चिडते, पोरांसाठी मन मारते, आणि सगळं वऱ्हाडीत. राधिकेच्या पन्नास-साठ वर्षं आधी. कौतिक टीव्हीवर पन्नास भाग नीट उभी राहिली तर 'वऱ्हाडी म्हणजे विनोद' हे दुकान बंद होईल.

मी थांबते. प्रश्न असतील तर घेऊ.

(एक तरुण: मॅडम, मालिका सोडा, मोबाइलवर रील्समध्ये वऱ्हाडी भरपूर आहे. आमची पोरंच करतात.)

बरोबर आहे, आणि त्यातली काही फार छान आहेत. पण बघ, बहुतेक विनोदीच आहेत ना? तीस सेकंदांत हसवता येतं. रडवायला आधी माणूस ओळखीचा व्हावा लागतो, त्याला दिवस लागतात. मालिकेजवळ नेमका तोच वेळ असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या पोरांनी यूट्यूबवर 'गावाकडच्या गोष्टी' केलं, बारामतीकडच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' केलं, गावातच, गावच्या माणसांना घेऊन. मोठा सेट लागला नाही. तुम्ही रील्स करता, तर त्यातलं एक पात्र घ्या आणि दहा भाग त्याच्याबरोबर राहा. सहाव्या भागात त्याचं सोयाबीन पावसात भिजू द्या. विनोद सोडू नका.

(एक श्रोत्या: तुमची स्वतःची आवडती मालिका कोणती, ते राहूनच गेलं!)

'प्रपंच'. प्रतिमा कुलकर्णींची, अल्फाच्या सुरुवातीच्या काळातली. सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी, संजय मोने, भरत जाधव. मुंबईतलं एकत्र कुटुंब, आपल्या भागाशी काही संबंध नाही, बोली तर नाहीच. तरी आवडते, कारण त्या घरात माणसं बोलता बोलता कामं करत असतात. भाजी निवडतात, चहा ठेवतात, पेपर शोधतात. नुसतं उभं राहून कुणी बोलत नाही. आणि त्यातली माणसं चिडली तरी जेवायला एकत्र बसतात. कधी पाहायला मिळाली तर सुधीर जोशींकडे ते काही बोलत नसतील तेव्हा बघा.